उडदमेथीत अननस

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या आमोण्यात दिवाळी उजाडते ती फोवांनी. आदल्या रात्री मिरवलेले नरकासुर तांबडे फुटायच्या आत जाळून होतात, अभ्यंगस्नान आटोपते, तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटते, त्याचा कडू थेंब जिभेला लागतो आणि मग पाने मांडली जातात. पानावर पोहेच येतात, पण चार-पाच तऱ्हांचे. नारळाच्या रसात गूळ आणि वेलची घालून केलेले रोसातले फोव, दुधातले फोव, ताकात भिजवून आले-मिरचीची फोडणी दिलेले, गूळखोबऱ्यात कालवलेले, आणि बटाटा घालून परतलेले तिखट. सोबत काळ्या वाटाण्याचे तोणाक, कुठे आंबाड्याचे सासव. घरची माणसे जेवून उठतात तोवर दारात मित्र आणि शेजारी उभे असतात, कारण आदल्या दिवशीच "फोव खावंक येयात" असे सांगून झालेले असते. मग तीच माणसे आपल्या घरी आपल्याला बोलावतात. सकाळभर या घरातून त्या घरात असे जाणे-येणे चालते.

घरी मित्र बोलवावेत आणि त्यांच्यासाठी काही नवे रांधावे, या दोन्ही हौसा एकत्र नांदताना पाहायच्या असतील तर या सकाळीसारखी दुसरी वेळ नाही. खाणारा तीन-चार घरी जाणार असल्यामुळे प्रत्येक घरी थोडेच घेतो. त्यामुळे करणारीला धीर येतो: एखादा प्रकार नाही जमला तरी कोणी उपाशी उठणार नाही. पदार्थ नवा असला तरी पोहे तेच आहेत, नव्या भाताचे, सगळ्यांच्या ओळखीचे. आणि बसलेली माणसे जवळची आहेत, त्यांना 'गूळ जास्त झाला' म्हणायला संकोच नाही. या तीन गोष्टी जमल्या की स्वयंपाकघरात नव्याला जागा मिळते. त्यांतली मधली, म्हणजे नव्यात ओळखीचे काही असणे, मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि या प्रकरणाचा मोठा भाग तिच्यावरच खर्च करणार आहे.

माणूस सर्वभक्षी आहे आणि त्यातच त्याची अडचण आहे. गाईला गवत दिसले की प्रश्न मिटतो. माणसाला मात्र पाला, कंद, मासा, बी, आळंबे असे सगळे खाता येते आणि यांतले काहीही त्याला मारूही शकते. म्हणून नव्या अन्नाची ओढ आणि नव्या अन्नाची भीती अशा दोन्ही वृत्ती त्याच्यात शेजारी-शेजारी राहतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ मध्ये याला सर्वभक्ष्याचा पेच म्हटले. दोन-तीन वर्षांचे मूल कालपर्यंत खात असलेली भाजी अचानक नाकारते, ते या भीतीपोटीच. मोठेपणी ती ओसरते, पण पुरती जात नाही. अनोळखी पदार्थापुढे पाहुण्याचा हात क्षणभर थांबतो आणि त्याची नजर यजमानाकडे जाते. यजमानाने पहिला घास घेतला की त्याचाही हात चालू लागतो. मैत्रीचा उपयोग इथे अगदी शब्दशः होतो: ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हातचे आपण खातो.

या पेचातून समाज कसे सुटले, याचे उत्तर एलिझाबेथ रोझिन यांनी १९७३ मध्ये पाककृतींच्या एका पुस्तकात मांडले. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक प्रदेशाच्या रांधपात मोजक्या स्वादांची एक ठरलेली जुळणी असते. चिनी स्वयंपाकात सोयाबीनचा रस, आले आणि तांदळाची मदिरा. मेक्सिकोत मिरची आणि टोमॅटो किंवा लिंबू. अनोळखी जिन्नस ही ओळखीची चव लेवून आला की लोक त्याला आपला मानतात. रोझिनबाईंनी डिचोलीचे जेवण जेवले असते तर त्यांना आणखी एक उत्तम उदाहरण मिळाले असते. नारळ, सुकी मिरची, काहीतरी आंबट (सोल, चिंच किंवा आंबाडा), आणि बांगड्याच्या हुमणात वा तोणाकात तिरफळ. एवढ्या भांडवलावर या मुलखाने जगाच्या दुसऱ्या टोकाची पिके पचवली आहेत.

ती इथे आली कशी, ते पाहण्यासारखे आहे. आमोणे मांडवीच्या काठी आहे. पलीकडच्या तीराला खांडोळे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा बेट घेतले, त्याच शतकात बार्देश आणि सासष्टी त्यांच्याकडे पक्के गेले. डिचोली मात्र १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या राज्यात आले. म्हणून या भागाला नव्या काबिजादी म्हणतात. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदी ओलांडून आमोण्याच्या शेजारच्या नार्व्याला आणला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे वर्षे या गावांनी पलीकडची सत्ता अलीकडे स्थिरावू दिली नाही, उलट तिकडच्या देवांना इकडे आसरा दिला. पण ज्या पाण्यावरून देव आले त्याच पाण्यावरून बियाणेही आले. मिरची, काजू, अननस, रताळे, पपई, पेरू, लाल भोपळा, मका हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. त्यांना कोणी अडवले नाही.

आणि ती शिरली कुठे? सणाच्या पानात. खतखते हा आमच्याकडे चवथीचा, लग्नाचा, समाराधनेचा पदार्थ. त्यात भाज्या किती असाव्यात यावर घराघरांत वाद आहेत; पाचापासून एकविसापर्यंत आकडे ऐकू येतात. आता एकेक फोड उचलून पाहा. सुरण, माडी, कणगा, कच्चे केळे, मुळा, शेवग्याची शेंग: ही जुनी मंडळी. रताळे, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, बटाटा: ही सगळी समुद्रापलीकडची. तूरडाळ, ओल्या खोबऱ्याचे वाटण, गूळ, सोल आणि ठेचलेली तिरफळे यांच्यात ती अशी मिसळली आहेत की आज कोणी मका वगळला तर आजी म्हणेल, हे कसले खतखते? ज्या बाईने पहिल्यांदा सणाच्या कुंडल्यात परदेशी कणीस तोडून घातले तिचे नाव कोणत्याही बखरीत नाही. माझ्या लेखी तिचे काम कोणत्याही फिदाल्गोच्या, म्हणजे पोर्तुगीज उमरावाच्या, कामापेक्षा मोठे आहे. तिने घरच्यांना नवा पदार्थ खाऊ घातला आणि चव मात्र त्यांचीच ठेवली.

मिरचीने तर स्वतःची गावेच वसवली. पेडण्यातल्या हरमलची मिरची इतकी नावाजली की २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. शागोतीचा उगमही याच हरमलच्या किनाऱ्यावर सांगितला जातो. भाजलेले खोबरे, खसखस, धने, लवंग, दालचिनी, जायफळ आणि लाल मिरची एकत्र वाटून केलेला तो दाट रस आज गोव्याची ओळख झाला आहे. या मसाल्यातली मिरची आली आणि तिच्यापुढे जुनी काळी मिरी मागे सरली, एवढा फरक पडायला फार पिढ्या लागल्या नाहीत.

उडदमेथी हा मला या सगळ्याचा कळस वाटतो, म्हणून प्रकरणाला तिचे नाव दिले. तेलात चमचाभर उडदाची डाळ तांबूस करायची, त्यात पाव चमचा मेथी आणि थोडे धने टाकून लगेच काढायचे, मेथी काळी पडू द्यायची नाही. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, हळद आणि चिंच यांच्याबरोबर हे बारीक वाटायचे. झाले वाटण. आता यात बांगडे सोडले तर ती बांगड्यांची उडदमेथी. शिवराक, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी आंबाडे घातले तर आंबाड्यांची. वैशाखात घोंटां, म्हणजे लहान रसाळ आंबे, सबंध घालून गूळ टाकला तर आंब्यांची. आणि अननसाच्या फोडी घातल्या तर अननसाची. मासा, रानफळ, आंबा आणि ब्राझीलकडून आलेले फळ एकाच वाटणात बसते. कारण मेथीचा कडवटपणा आणि डाळीचा खमंगपणा ही चौकट पक्की आहे; आत काय ठेवायचे ते हंगाम आणि वार ठरवतात. ज्या रांधपात अशी चौकट आहे तिथे नवे करून पाहणे हा धोका उरत नाही.

पाहुण्यांसाठी पहिल्यांदाच काही करणाऱ्याला मी सासव सुचवीन. त्याला शिजवणे जवळजवळ नाहीच. सहा जणांसाठी अर्धा पिकलेला अननस बारीक चिरा, चिमूटभर मीठ आणि सुपारीएवढा गूळ लावून ठेवा. वाटीभर ओले खोबरे, दोन सुक्या मिरच्या आणि लहान चमचाभर मोहरी वाटून त्यात कालवा. बस्स. आंब्याचे आणि आंबाड्याचे सासव जुने. पण हल्ली द्राक्षे, सफरचंद, डाळिंबाचे दाणे असे मिसळूनही करतात, आणि ज्याने आयुष्यात सफरचंद आणि मोहरी एकत्र खाल्ली नाहीत त्यालाही ते परके वाटत नाही.

फक्त मोहरीचे वागणे समजून घ्यायला हवे. मोहरीचा दाणा कोरडा आणि अखंड असतो तोवर त्याला झणका नसतो. दाण्याच्या पेशींत एक गंधकयुक्त द्रव्य असते आणि वेगळ्या कप्प्यात एक विकर. वाटताना कप्पे फुटतात, पाणी मिळते, दोघे भेटतात आणि नाकात चढणारे तीव्र तेल तयार होते. विकराला उष्णता सोसत नाही. म्हणून मोहरी आधी भाजून घेतली तर सासव सौम्य होते, कच्ची वाटली तर नाकाला झोंबते. काही घरी भाजतात, काही घरी नाही, आणि दोन्ही घरे आपलेच खरे मानतात. पाहुणे सवयीचे नसतील तर अर्धी भाजलेली आणि अर्धी कच्ची घ्यावी असे माझे मत आहे. वाटण चढवून उकळायचे मात्र कधीच नाही. झणका उडून जातो आणि कडवटपणा राहतो.

असाच नाजूक व्यवहार नारळाच्या रसाचा. तो म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, त्यांना वेगळे ठेवणारी प्रथिने. मोठी आच किंवा आंबट लागले की प्रथिने आकसतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि रस फुटतो. घरातल्या मोठ्या बायका जाड रस शेवटी घालायला सांगतात आणि एक कढ येण्याआधी भांडे उतरवतात, त्यामागे हेच आहे. सोल, म्हणजे कोकमाची वाळवलेली साल, तीही शेवटीच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात कोकमाच्या फळाची नोंद केली आहे. त्या काळीही या मुलखात आलेल्या परक्या माणसाला या लालभडक आंबट फळाने थांबवले होते.

तिरफळाबद्दल मात्र पाहुण्याला आधी सांगून ठेवा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिरवे घोस येतात. ते वाळले की काळे बी टाकून द्यायचे आणि साल ठेवायची. रसात ते फक्त ठेचून सोडतात, खात नाहीत. घाटावरून आलेल्या मित्राने ते अजाणता चावले तर जीभ आणि ओठ थरथरल्यासारखे होतात आणि तो घाबरतो. घाबरण्यासारखे काही नसते. याच कुळातल्या, चीनमधल्या सिचुआनच्या तिरफळावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१३ मध्ये एक मजेदार प्रयोग झाला. लोकांच्या ओठाला त्याचा अर्क लावला आणि बोटावर वेगवेगळ्या वेगाची कंपने देऊन ओठातली थरथर कोणत्या कंपनाशी जुळते ते विचारले. उत्तर सेकंदाला सुमारे ५० कंपनांपाशी आले. म्हणजे तिरफळ ही नुसती चव नव्हे, ते स्पर्शाच्या मज्जातंतूंना हलवते. ही गोष्ट जेवताना सांगितली की भेदरलेला मित्रही दुसरे तिरफळ मुद्दाम शोधतो.

तिखटाचीही अशीच खूण. मिरचीतले तिखट द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवते, म्हणून मिरची 'जळते'. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि त्यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि मेदात विरघळते. तिखट लागलेल्या पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून उपयोग नाही. सोलकढीची वाटी ठेवावी, कारण तिच्यात नारळाच्या रसाचा मेद असतो. जेवणाच्या शेवटी सोलकढी का, याचे एक कारण हेही असावे.

आता निमंत्रणाकडे वळू. आमोण्यासारख्या गावात मित्रांना जेवायला बोलावताना पहिला प्रश्न वाराचा. सोमवार कोणाचा शिवराक, गुरुवार कोणाचा, संकष्टी-एकादशी आहेच, श्रावण तर महिनाभर. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेच्या दिवसांत धोंड, म्हणजे तिचे भक्त, व्रतात असतात, त्यांचे खाणे वेगळे. हे विचारायला लाजू नये. "बुधवारी येता? नुस्ते चालेल ना?" एवढा फोन केला की पाहुण्याला बरे वाटते, आपली आठवण ठेवली म्हणून. हल्ली त्यात काजू-शेंगदाण्याची, कालवांची अ‍ॅलर्जी आहे का हेही विचारावे. गोव्याच्या जेवणात काजू आणि शिंपले न सांगता कुठेही येतात.

दुसरे म्हणजे, एका वेळी नवा पदार्थ एकच. उकडा भात, ओळखीचे हुमण किंवा वरण, एक भाजी, काप आणि लोणचे एवढे पक्के असावे, आणि त्यांच्या मधोमध तो एक. सगळेच नवे केले तर पाहुण्याला टेकायला जागा राहत नाही आणि रांधणारीचे लक्ष चार भांड्यांत वाटले जाते. ज्याने नीरफणसाचे काप रवा लावून कुरकुरीत केले आहेत त्याला अननसाची उडदमेथी थोडी पातळ झाल्याची चिंता नको. आणि उडदमेथी सकाळीच करून ठेवता येते. तासन्‌तास मुरल्यावर मेथीचा कडूपणा मवाळ होतो आणि संध्याकाळी ती जास्त चांगली लागते.

भांडे शक्यतो मातीचे. डिचोलीचे कुंभारकाम पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तिथले कुंडले मंद तापते, उतरवल्यावरही बराच वेळ गरम राहते, आणि सोल-चिंचेचे आंबट त्याला काही करत नाही. पितळेला कल्हई नसेल तर तेच आंबट घातक ठरते. नवे कुंडले आणले की आधी त्यात तांदळाची पेज शिजवतात. पेजेतला स्टार्च मातीची बारीक छिद्रे बुजवतो, मग ते पाझरत नाही. पाहुण्यांसमोर कुंडले तसेच आणून ठेवावे. झाकण निघते तेव्हा येणारा वास स्टीलच्या डोंग्यात ओतून आणलेल्या रसाला कधी येणार नाही.

किती करावे? अमेरिकी संशोधक जॉन डी कास्त्रो यांनी माणसांकडून त्यांच्या खाण्याच्या नोंदवह्या लिहून घेतल्या आणि त्यांना दिसले की सोबत असली की माणसे एकट्यापेक्षा जास्त खातात. कारण साधे: गप्पांमुळे माणसे पानावर जास्त वेळ बसतात. आपल्या आजीला हे नोंदवहीविना माहीत होते. एरवीच्या अंदाजात चौथा हिस्सा भात वाढवावा. नवा पदार्थ मात्र वाढवू नये, बेताचाच करावा.

ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका पाहणीवरून लिहिले की जे लोक वरचेवर इतरांबरोबर जेवतात ते अधिक समाधानी असतात, त्यांना हाकेला धावणारे मित्र अधिक असतात. विशेष म्हणजे रात्रीच्या ज्या जेवणात हसणे झाले, जुन्या आठवणी निघाल्या, त्यानंतर माणसांना एकमेकांबद्दल अधिक जवळीक वाटली. हे वाचून मला आपल्याकडची एक रीत खुपते. पंगत बसते, पाहुणे जेवतात, पुरुष जेवतात, आणि जिने दिवसभर रांधले ती ओट्यापाशी उभी राहून शेवटी, गार झालेले जेवते. नव्या पदार्थावर पहिला घास घेताना पाहुण्याचा चेहरा कसा झाला, हे तिला दिसतच नाही. तिला नंतर कोणीतरी "वहिनी, छान झालं होतं" असे सांगते. त्या एका वाक्यावर कोणी पुढचा प्रयोग करील का? मित्रांना बोलावले असेल तर घरच्या बाईने त्यांच्या पंगतीतच बसले पाहिजे. वाढणे थांबत असेल तर थांबू दे. भांडी मधोमध ठेवावीत, ज्याने त्याने वाढून घ्यावे. घरच्या पुरुषाने चुलीपाशी उभे राहायला शिकावे, निदान काप तळायला आणि नारळ खवायला. आदोळीवर बसायला कोणाला मज्जाव नाही.

नव्या कृती शिकायच्या कुठून, याची सोय मराठीत फार आधीपासून आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मधले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मधले. आकड्यावरूनच त्या काळच्या गृहिणीची भूक कळते. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने माहेरापासून लांब पडलेल्या मुलींना धीर दिला. आज मोबाइलवर चित्रफिती आहेत. पुस्तक असो की चित्रफीत, लिहिल्याप्रमाणे पहिल्यांदा एकदा करावे आणि मग आपल्या चवीकडे वळवावे, हा क्रम चांगला. आधीच वळवले तर मूळ पदार्थ कसा होता तेच कळत नाही. मैत्रिणीने कृती विचारली तर मात्र पूर्ण द्यावी, एखादा जिन्नस गाळून नव्हे. तिच्या घरी ती वेगळी होईलच. तिचा नारळ वेगळा, मिरची वेगळी, हात वेगळा.

वर्षभरात कोणत्या वेळी कोणाला काय खाऊ घालावे हे या मुलखात झाडेच सांगतात. माघ-फाल्गुनात काजूच्या ओल्या बिया, आमचे बिब्बे, बाजारात येतात. ते महाग असतात, सोलताना चीक बोटे जाळतो, आणि तरी त्यांचे तोणाक ज्याच्या पानात पडते त्याला ते वर्षभर आठवते. वैशाखात घोंटां आणि मानकुराद. पावसाच्या पहिल्या सरींनंतर टायकिळा उगवतो, त्याची कोवळी पाने आणि फणसाच्या आठळ्या यांची भाजी होते. नागपंचमीच्या सुमाराला हळदीची पाने मोठी झालेली असतात. त्यांत तांदळाचे पीठ थापून गूळखोबऱ्याच्या पातोळ्या उकडायच्या. यांतल्या प्रत्येकासाठी आधी दिवस ठरवता येतो.

अळम्यांसाठी ठरवता येत नाही. वाळवीच्या वारुळांवर उगवणारी ही रानटी आळंबी पावसाळ्यात थोडेच दिवस असतात. डिचोली-सत्तरीकडच्या रस्त्यांवर बायका पानांत बांधलेले वाटे घेऊन बसतात आणि दर ऐकून नवखा मागे सरतो. वारुळे ओरबाडली जाऊ लागल्यापासून ती कमी झाल्याची तक्रार सर्वत्र आहे, तेव्हा घ्यावीत ती बेताने, आणि ओळखणाऱ्या हातूनच, कारण यांच्यासारखी दिसणारी विषारी आळंबीही असतात. ती टिकत नाहीत, संध्याकाळपर्यंत काळवंडतात. त्यांची शागोती करायची तर मसाला भाजून तयार हवा, आणि एवढ्या वाट्यात चार माणसांपुरतेच होणार. म्हणून अळमी हाती आली की पिशवी ओट्यावर ठेवण्याआधी तिघांना फोन लावावा: आज रात्री या, आणि येताना पाव घेऊन या.